एका केबलवर ड्रमसेट

गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की हळदीचा कार्यक्रम, ऑक्टापॅडवाल्याशिवाय आपल्याकडे पान हलत नाही. जपानच्या रोलंड कंपनीने 1985 मध्ये आणलेल्या पहिल्या ऑक्टापॅडची गंमत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ पॅडपैकी कोणत्यावर, किती जोरात काठी पडली याची वर्दी तो केबलमधून दुसऱ्या यंत्राला द्यायचा आणि आवाज काढायचं काम ते यंत्र करायचं. घरच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटचं रेकॉर्डिंग कमी पैशांत करायचं असेल, तर हीच गोष्ट धरून ठेवावी. आवाज नंतर कुठूनही आणता येतो. आधी टिपायची ती वर्दी.

पॅडच्या पोटात बहुधा पितळेची एक पातळ चकती असते आणि तिच्यावर सिरॅमिकचा थर. त्यावर ताण आला की वीज निर्माण होते. पिएर क्युरी आणि त्याचा भाऊ ज्याक यांनी 1880 मध्ये स्फटिकांमधला हा गुण दाखवून दिला. स्वयंपाकघरातला गॅस लायटर ‘खट्’ करून ठिणगी पाडतो, तो याच गुणावर. काठी जोरात पडली की विजेचा झटका मोठा, हलकी पडली की लहान. ड्रमसेटचं मॉड्यूल, म्हणजे सगळे पॅड जिला जोडलेले असतात ती पेटी, हा झटका मोजतं आणि तीन बाइटांचा निरोप तयार करतं: ठोका पडला, अमुक वाद्यावर पडला, इतक्या जोराने पडला. रूढ क्रमांकांनुसार किक 36, स्नेअर 38, मिटलेली हाय-हॅट 42. जोर 1 ते 127 या आकड्यांत. ही भाषा म्हणजे मिडी. ती 1983 मध्ये आली आणि तिच्यासाठी डेव्ह स्मिथ व रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. जुन्या पाच पिनांच्या केबलमधूनही असा एक निरोप एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो. पाच मिनिटांच्या गाण्याचा स्टिरिओ ऑडिओ सीडीच्या दर्जात पन्नास एमबीच्या आसपास जातो. त्याच वाजवण्याची मिडी फाइल काही किलोबाइटांत मावते.

खऱ्या ड्रमसेटला सहा-आठ माइक आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती लागते. इथे एक यूएसबी केबल पुरते. तरीही बरेच जण मॉड्यूलच्या हेडफोनचं भोक आणि लॅपटॉपच्या माइकचं भोक एका वायरने जोडून मोकळे होतात. माइकचं भोक काही मिलिव्होल्टांसाठी केलेलं असतं. त्यात हेडफोनचा तगडा सिग्नल घातला की आवाज फाटतो. शिवाय बहुतेक लॅपटॉपवर ते मोनो असतं, त्यामुळे डावी-उजवी बाजू एकाच ढिगात जाते. असं टिपलेलं दुरुस्त होत नाही. मिडीत स्नेअर आवडली नाही, तर महिन्याभराने बदलता येते.

खरी डोकेदुखी लेटन्सीची. काठी पडल्यापासून संगणकातला आवाज कानात येईपर्यंतचा हा उशीर. संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्याने हाताळतो. सेकंदाला 44,100 नमुने धरले, तर 256 नमुन्यांचा गठ्ठा सुमारे सहा मिलिसेकंद खातो, 1024 चा तेवीस. वर बाकीच्या यंत्रणेचा वेळ वेगळा. हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, तेव्हा तेवीस मिलिसेकंद म्हणजे आपला ड्रम जवळपास आठ मीटर लांब ठेवून वाजवणं. लय बिघडणारच. यावर महागडी उपकरणं विकली जातात, पण फुकटचा उपाय आहे. वाजवताना मॉड्यूलचाच आवाज हेडफोनवर ऐका, संगणकातल्या ड्रमचा आवाज बंद ठेवा आणि फक्त मिडी टिपा. साथीचं गाणं मॉड्यूलच्या ऑक्स इनपुटमधून घेतलं की तेही एकाच हेडफोनवर येतं. संगणकातले ड्रम मागाहून लावा. टिपण्याच्या सॉफ्टवेअरपैकी रीपर साठ दिवस वापरून पाहता येतं, मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे, लिनक्सवर आर्डर.

पहिलं रेकॉर्डिंग झालं की आवाजापेक्षा पडद्याकडे पाहा. प्रत्येक ठोक्याखाली जोराची एक काडी दिसते. सगळ्या काड्या 127 ला टेकल्या असतील तर पॅडची संवेदनशीलता जास्त आहे, ती उतरवा. चांगल्या वादकाच्या स्नेअरवर वीस-तीसचे कुजबुजणारे ठोके आणि मधूनच शंभरापलीकडचा एक, अशी चढउतार दिसते. टॉमवर मारताना झांजेच्या ओळीतही बारीक काडी उमटली, तर कंपन स्टँडमधून तिकडे गेलं आहे. मॉड्यूलमध्ये ‘क्रॉसटॉक’ची सेटिंग असते, ती थोडी वाढवा. आणि क्वांटाइझचं बटण जपून. सगळे ठोके रेषेत बसवले की गाण्यातला माणूस निघून जातो, असं माझं मत आहे.

एक खर्च मात्र टाळू नये. किकच्या पेडलचे धक्के फरशीतून थेट खालच्या मजल्यावर उतरतात. तुमच्या कानाला हेडफोन असतो, खालच्यांच्या छताला नसतो. दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून त्यावर सेट ठेवण्याची युक्ती जगभरचे ड्रमर वापरतात आणि ती चालते.

आवाज संगणकात घेणारा ऑडिओ इंटरफेस आणायला दुकानात जाण्याआधी मॉड्यूलच्या मागे डोकावून पाहा. यूएसबीचं चौकोनी भोक असेल, तर घरातल्या प्रिंटरची केबल काढा, लावा आणि आधी एक गाणं टिपून बघा.