हातोहात जाण्यासाठीच छापलेली कादंबरी

आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन्स या मालिकेतल्या पुस्तकाचा आकारच आधी नजरेत भरतो. बाकी सगळी पुस्तके उभी, हे आडवे. रुंदी साधारण साडेपाच इंच आणि उंची चार इंचांहूनही किंचित कमी. जाड कादंबऱ्यांसाठी साडेसहा बाय साडेचार इंचांचा दुसरा आकार होता, पण तोही आडवाच. बांधणी आखूड बाजूला, चेकबुकासारखी. मुखपृष्ठावर मूळ पुस्तकाच्या वेष्टनाचे छोटे चित्र, आणि बहुतेकांवर हे संपूर्ण पुस्तक आहे, संक्षेप नाही, अशी ग्वाही. सप्टेंबर १९४३ ते १९४७ या काळात अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी अशी सुमारे १२ कोटी ३० लाख पुस्तके छापली आणि फुकट वाटली. शीर्षके १,३२२.

एरवी पुस्तक जुने होते ते ओघाने. कुणीतरी ते हौसेने विकत घेतो, नाव घालतो, कपाटात ठेवतो. मग घर बदलते, माणूस जातो, मुले रद्दी काढतात आणि पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे पोहोचते. या मालिकेतल्या पुस्तकाला पहिला मालकच नव्हता. ते छापखान्यातून निघतानाच पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या वाचकासाठी निघत होते. छपाईच्या इतिहासात मला याहून उदार कल्पना माहीत नाही.

सुरुवात मात्र खरोखरच्या जुन्या पुस्तकांपासून झाली होती. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने रेड क्रॉस आणि सैनिकांसाठी काम करणारी यूएसओ ही संस्था यांच्यासह ‘व्हिक्टरी बुक कॅम्पेन’ सुरू केली. घरातली वाचून झालेली पुस्तके सैनिकांसाठी द्या, असे लोकांना आवाहन केले. लोकांनी दिलीही, लाखोंनी. त्यांत उत्तम कादंबऱ्या होत्या, तशीच कोणी हातात घेणार नाही अशी जुनाट पुस्तकेही होती आणि ती निवडून बाजूला काढण्यात ग्रंथपालांचे दिवस गेले. खरी अडचण वजनाची होती. ही बहुतेक पुस्तके जाड पुठ्ठ्याची. प्रशिक्षण छावणीत ती चालली, बराकीतल्या कपाटात बसली. पण पाठीवर सगळा संसार घेऊन चिखलातून चालणारा शिपाई पुठ्ठ्याची कादंबरी कुठे ठेवणार?

लष्कराच्या ग्रंथालय विभागाचे रे ट्रॉटमन आणि पुस्तकांची मांडणी करणारे स्टाली थॉम्पसन यांनी यावर उपाय काढला. प्रकाशकांनी १९४२ मध्येच ‘कौन्सिल ऑन बुक्स इन वॉरटाइम’ ही संस्था उभी केली होती. पुस्तके ही विचारांच्या युद्धातली शस्त्रे आहेत, हे तिचे घोषवाक्य. जर्मनीत १९३३ साली चौकाचौकांत पुस्तकांच्या होळ्या झाल्या होत्या, तेव्हा त्या वाक्याला पोकळ म्हणता येणार नाही. या संस्थेने योजना हाती घेतली आणि फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांच्याकडे तिची सूत्रे दिली.

छापायचे कशावर, हा पहिला प्रश्न. पुस्तकांच्या यंत्रांवर एवढ्या प्रती इतक्या स्वस्तात निघणे शक्य नव्हते. मासिके छापणारी रोटरी यंत्रे मात्र होती, आणि मासिकांच्या दोन अंकांमधल्या काळात ती मोकळी मिळत. मासिकाचे पान कादंबरीसाठी फार मोठे. म्हणून एकाच पानावर दोन पुस्तके छापायची, एक वर, एक खाली. दोन्ही एकत्रच बांधायची आणि शेवटी मधून आडवे कापून वेगळी करायची. पुस्तक आडवे झाले ते या कापण्यामुळे. जोडीतल्या दोन्ही पुस्तकांची पाने सारखी भरावी लागत, त्यामुळे जोड्या विषयावरून नव्हे, लांबीवरून लागत. एखादी काउबॉयची कथा आणि एखादी गंभीर कादंबरी एकाच कागदावर जन्माला येत आणि कटिंगच्या यंत्राखाली त्यांची कायमची ताटातूट होई.

आडव्या पानाचा एक तोटा होता: ओळ फार लांब होते आणि डोळा पुढच्या ओळीवर यायला चुकतो. म्हणून मजकूर दोन रकान्यांत लावला. आखूड ओळी मंद उजेडात, हलत्या जहाजावरही वाचता येत. जुजबंदीची शिलाई किंवा नुसता गोंद यांऐवजी तारेच्या पिना मारल्या. उष्ण, दमट मुलखात गोंदावर किडे येतात, हे पावसाळ्यात कपाट उघडणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. या सगळ्यातून एक प्रत सरासरी सहा सेंटच्या आसपास पडे. लेखक आणि मूळ प्रकाशक यांना मिळून प्रतीमागे एक सेंट, तोही अर्धा-अर्धा.

पहिल्या महिन्यात ३० शीर्षके निघाली, प्रत्येकी सुमारे ५० हजार प्रती. पुढे शीर्षके वाढली, प्रतीही वाढल्या. गठ्ठे जहाजांनी आणि विमानांनी युरोपात आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेले. आपल्याकडे आसाम-ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लेडोचा रस्ता बांधणाऱ्या अमेरिकी फौजा होत्या, त्यांच्यासारख्या दूरच्या तुकड्याही या वाटपाच्या टप्प्यात होत्या. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्याआधी दक्षिण इंग्लंडमध्ये थांबलेल्या सैनिकांना ही पुस्तके मुद्दाम वाटली गेली. ती गणवेशाच्या खिशात मावत, हेच त्यांचे सगळ्यात मोठे भांडवल.

मग ती हातोहात फिरू लागली. खंदकात, इस्पितळात, जहाजाच्या डेकवर. पुढचा वाचक इतका घाईला आलेला असे, की वाचून झालेला भाग फाडून त्याच्या हाती द्यायचा आणि आपण पुढचा वाचत राहायचे, असेही घडे. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्याला हे ऐकून कसेसेच होईल. मला मात्र त्या फाडण्यात पुस्तकाचा अपमान दिसत नाही. आपले वाचून होईपर्यंत मित्राला ताटकळत ठेवायचे नाही, एवढेच त्यात आहे.

यादी ठरवणाऱ्यांनी सैनिकाला कमी लेखले नाही, याचे मला विशेष वाटते. रहस्यकथा, वेस्टर्न, विनोदी पुस्तके भरपूर होती, असायलाच हवीत. पण डिकन्स, थॅकरे, मेलव्हिलही होते. काही जाडजूड पुस्तकांना कात्री लागली, पण तसे मुखपृष्ठावर सांगितले जाई. बेटी स्मिथ यांची ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ ही गरीब वस्तीत वाढणाऱ्या मुलीची कादंबरी सैनिकांना इतकी भिडली, की लेखिकेकडे आघाडीवरून पत्रांची रीघ लागली.

वाचकाच्या हाती काय पडावे, यावर सरकारी हात पडण्याचा प्रसंगही आला. १९४४ च्या सैनिक-मतदान कायद्यात सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांच्या पुढाकाराने एक कलम घातले गेले: निवडणुकीवर परिणाम करू शकेल असे राजकीय लेखन सरकारी खर्चाने सैनिकांना देऊ नये. त्याचा अर्थ लष्कराने इतका ताणून लावला, की इतिहास आणि चरित्राची पुस्तकेही अडकली. कौन्सिलने वृत्तपत्रांतून आवाज उठवला आणि त्याच वर्षी ते कलम सैल करावे लागले. युद्ध चालू असताना प्रकाशकांनी आपल्याच सरकारशी हे भांडण केले, ही त्यांची माझ्या मते सर्वांत मोठी कामगिरी.

‘द ग्रेट गॅट्सबी’चे काय झाले, ते आता सांगायला हवे. स्कॉट फिट्झगेराल्ड यांची ही कादंबरी एप्रिल १९२५ मध्ये स्क्रिब्नर्सने काढली. पहिल्या छपाईच्या २०,८७० प्रती, त्याच वर्षी दुसऱ्या छपाईच्या ३,०००. डिसेंबर १९४० मध्ये लेखक ४४ व्या वर्षी गेला, तेव्हा त्या दुसऱ्या छपाईतल्याही काही प्रती प्रकाशकाच्या गोदामात पडून होत्या. आपले पुस्तक विसरले गेले, अशाच समजुतीत तो माणूस गेला. १९४५ साली या कादंबरीच्या १,५५,००० प्रती सैनिकांसाठी छापल्या गेल्या. मूळच्या दोन्ही छपाया मिळून जेवढ्या, त्याच्या जवळपास साडेसहापट. आणि यातली प्रत एका वाचकापाशी थांबणारी नव्हती.

कादंबरीचे पुनरुज्जीवन एकट्या सैनिकांनी केले असे म्हणणे बरोबर होणार नाही. समीक्षक एडमंड विल्सन यांनी मित्राच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘द लास्ट टायकून’चे १९४१ मध्ये आणि ‘द क्रॅक-अप’चे १९४५ मध्ये संपादन केले, साहित्यिक वर्तुळात फिट्झगेराल्डचे नाव पुन्हा घ्यायला लावले. ते श्रेय त्यांचेच. पण समीक्षकाच्या शब्दाने पुस्तकाला मान मिळतो, वाचक मिळतोच असे नाही. श्रीमंतीच्या झगमगाटातली ती पोकळी, गेलेले प्रेम परत मिळवण्याचा गॅट्सबीचा हट्ट, हे घरापासून हजारो मैलांवरच्या पोरांनी वाचले आणि शेजारच्या खाटेवरच्याला दिले. शिफारस करणाऱ्याचे नाव कुठे छापलेले नव्हते. अभिजात पुस्तक टिकते ते अशा अनोळखी शिफारशींवर, असे मला ठामपणे वाटते.

या प्रती विकू नयेत, नागरिकांच्या हाती देऊ नयेत, अशी सूचना पुस्तकांवर छापलेली असे. फुकटची लाखो पुस्तके मायदेशी परतली तर बाजार बसेल, ही प्रकाशकांची धास्ती. युद्ध संपल्यावर मागणी घटली, प्रतींची संख्या उतरली आणि शेवटच्या टप्प्यातली पुस्तके नेहमीच्या उभ्या आकारात निघाली. १९४७ मध्ये मालिका संपली ती एर्नी पाइल यांच्या ‘होम कंट्री’ने. पाइल हे सैनिकांचे लाडके युद्धवार्ताहर. एप्रिल १९४५ मध्ये ओकिनावाजवळच्या एका बेटावर जपानी गोळीने ते मारले गेले होते.

प्रकाशकांची धास्ती मात्र खरी ठरली नाही. पॉकेट बुक्सने १९३९ पासून २५ सेंटची कागदी बांधणीची पुस्तके विकायला सुरुवात केली होती. १९४५ मध्ये बँटम ही नवी कंपनी त्याच किमतीत उतरली. परतलेल्या सैनिकांना कागदी बांधणीच्या पुस्तकाची सवय आणि गोडी दोन्ही लागली होती. बँटमच्या अगदी सुरुवातीच्या यादीत आठव्या क्रमांकावर ‘द ग्रेट गॅट्सबी’ होती.