'रॉजर' म्हणजे 'हो' नव्हे

परेड ग्राउंडवर 'दाहिने' ऐकलं की आपण फक्त सावध होतो. वळतो ते 'मुड' ऐकल्यावर. मिळालेला हुकूम उस्तादांना परत म्हणून दाखवायचा नसतो आणि 'जमणार नाही' म्हणण्याचा तर प्रश्नच नसतो. हवाई वाहतूक नियंत्रकाने, म्हणजे कंट्रोलरने, वैमानिकाला दिलेली सूचनाही अशीच असते, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तिथली शिस्त वेगळी आहे. ऐकायचं, लिहायचं, परत म्हणून दाखवायचं, आणि जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं. ढगात उडणाऱ्या वैमानिकाला हे सगळं मुद्दाम शिकवावं लागतं.

ढगातच का? कारण स्वच्छ हवेत वैमानिकाला दुसरं विमान डोळ्यांनी दिसू शकतं. ढगात काचेबाहेर फक्त पांढरं दिसतं. आपण सरळ आहोत की कलंडलो आहोत, हेसुद्धा समोरच्या उपकरणांवरूनच समजतं. म्हणून अशा उड्डाणासाठी वेगळी पात्रता लागते, तिला इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतात. उपकरणं आपलं विमान कुठे आहे ते सांगतात, पण दुसऱ्या विमानाला आपल्या वाटेतून दूर ठेवण्याचं काम कंट्रोलर करतो. कुठपर्यंत, कोणत्या वाटेने आणि किती उंचीवर जायचं याची जी परवानगी तो देतो, तिचं नाव क्लिअरन्स.

माझा मावसभाऊ बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो आणि याच रेटिंगची तयारी करतो आहे. खरं उड्डाण त्याच्या फ्लाइंग स्कूलमध्ये होतं. पण क्लिअरन्सचा सराव घरीही करता येतो. त्यासाठी त्याने कॉम्प्युटरवर सिम्युलेटर लावला आहे. खिडकीखाली होसूर रोडची वाहतूक, टेबलावर स्टिक, मांडीवर वही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने मला कंट्रोलर केलं. मी पलंगावर बसून कागदावरचं वाचायचं आणि त्याने विमान सांभाळत ते लिहून घ्यायचं. मावशी म्हणाली, एवढं लक्ष देऊन माझं कधी ऐकलंत का?

समजा, बेंगळुरूहून हैदराबादला जायचं आहे. क्लिअरन्समध्ये पाच गोष्टी येतात आणि त्या नेहमी जवळजवळ त्याच क्रमाने येतात. कुठपर्यंत परवानगी आहे, कोणत्या मार्गाने, किती उंचीपर्यंत चढायचं, पुढे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं आणि ट्रान्सपाँडरवर कोणता कोड लावायचा. या पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून शिकणारे 'क्राफ्ट' असं पाठ करतात. दादा विमान सुरू करण्याआधीच वहीत ही पाच अक्षरं एकाखाली एक लिहून ठेवतो आणि फक्त रिकाम्या जागा भरतो. चढण्यासाठी वरचा बाण, उतरण्यासाठी खालचा. कोडमध्ये चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते ७ यांपैकीच असतो, त्यामुळे एकूण ४०९६ कोड होतात. म्हणजे लिहून घेताना ८ किंवा ९ कानावर आला, तर काहीतरी चुकलं हे लगेच कळतं. मला ही गोष्ट फार आवडली.

लिहून झालं की रीडबॅक, म्हणजे सगळं परत म्हणून दाखवायचं. इथे 'रॉजर' चालत नाही. आपण खेळताना 'रॉजर' म्हणजे 'हो सर' असं वापरतो. रेडिओवर त्याचा अर्थ फक्त 'तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं' एवढाच आहे. बरोबर पोचलं का, हे त्यातून कळत नाही. तसंच 'पुढे अमुक उंची मिळेल अशी अपेक्षा ठेवा' असं कंट्रोलर म्हणाला, तर ती परवानगी नव्हे.

रीडबॅकची दुसरी बाजू कंट्रोलरची. त्याने ते नीट ऐकायचं असतं आणि चूक असेल तर 'निगेटिव्ह' म्हणून पुन्हा सांगायचं असतं. १९ फेब्रुवारी १९८९ ला फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू ७४७ विमान मलेशियात क्वालालंपूरजवळ उतरत होतं. कंट्रोलरने २४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं, पण आकडे सुटे सुटे म्हटले: 'टू फोर झीरो झीरो'. इंग्रजीत 'टू' म्हणजे दोनही आणि 'पर्यंत'ही. वैमानिकांनी ऐकलं '४०० पर्यंत'. त्यांनी परत म्हणून दाखवलं तेही 'फोर झीरो झीरो' असंच. ती चूक कोणी पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चारही जण गेले. उंची 'दोन हजार चारशे' अशी पूर्ण म्हटली असती, तर हा घोळ झालाच नसता. दादाच्या सरावात म्हणूनच एक फेरी अशी असते, की तो मुद्दाम एखादा आकडा चुकीचा परत म्हणतो आणि मी तो पकडायचा. कागद समोर असूनही हे सोपं नाही, कारण जे अपेक्षित असतं तेच कान ऐकतात.

परेडच्या 'मुड'सारखा एक शब्द विमानवाहतुकीतही आहे, पण त्याला ते स्थान फार मोठी किंमत देऊन मिळालं. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन ७४७ विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. त्यांतल्या केएलएमच्या विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाचा क्लिअरन्स मिळाला होता आणि त्यात 'टेक-ऑफ' हा शब्द आला होता. प्रत्यक्ष टेक-ऑफची परवानगी मिळालेली नव्हती, तरी कॅप्टनने विमान पळवायला सुरुवात केली. त्यानंतर नियम झाला, की 'टेक-ऑफ' हा शब्द ती परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं.

आपल्या देशातला सगळ्यात मोठा धडा हरियाणातल्या चरखी दादरीचा आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. सौदी अरेबियाचं ७४७ दिल्लीहून निघून वर चढत होतं, त्याला १४००० फुटांपर्यंत परवानगी होती. कझाकस्तानचं इल्युशिन ७६ दिल्लीकडे उतरत होतं, त्याला १५००० फुटांपर्यंत. मध्ये १००० फुटांचं अंतर पुरेसं होतं. समोरून विमान येतंय हेही कंट्रोलरने कझाक विमानाला सांगितलं होतं. तरी ते १५००० च्या खाली आलं आणि दोन्ही विमानांतले मिळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानात कंट्रोलरशी बोलण्याचं काम वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं आणि त्याच्यासमोर स्वतःचं उंची दाखवणारं उपकरण नव्हतं. ज्याने ऐकलं त्याच्या हातात विमान नव्हतं, आणि ज्यांच्या हातात होतं त्यांचं इंग्रजी कच्चं होतं. आता दोन वैमानिकांच्या विमानात नवी उंची मिळाली की एकजण ती पॅनेलवर लावतो आणि दोघेही तिच्याकडे बोट दाखवून ती मोठ्याने म्हणतात. दादा एकटाच असतो, तरी बोट दाखवतोच.

काही सूचना मात्र ताबडतोब पाळायच्याच असतात. ७ जानेवारी २०२२ ला बेंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळावर दोन समांतर धावपट्ट्यांवरून दोन प्रवासी विमानं जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि हवेत एकमेकांच्या दिशेने येऊ लागली. रडारवरच्या कंट्रोलरने दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं म्हणून टक्कर टळली. चूक वैमानिकांची नव्हती, त्यांना उडायची परवानगी मिळालेली होती. चूक जमिनीवरूनही होते, हे यावरून कळतं.

म्हणूनच प्रशिक्षणातला शेवटचा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे 'अनेबल', जमणार नाही. आपल्यासारख्या लष्करी शाळेतल्या मुलाला हा शब्द ऐकूनच कसंतरी होतं. पण विमानाच्या सुरक्षिततेचा अंतिम निर्णय नियमानेच कॅप्टनचा असतो. "कंट्रोलरला माझं इंजिन दिसत नाही, माझ्या पंखावरचा बर्फ दिसत नाही," दादा म्हणतो. "मी गप्प राहिलो, तर तो समजणार की सगळं ठीक आहे." इन्स्ट्रक्टर मुद्दाम न झेपणारा क्लिअरन्स देतात आणि विद्यार्थी काय करतो ते पाहतात. जो मुकाट्याने 'हो' म्हणून धडपडत राहतो, त्याला थांबवून तोच क्लिअरन्स पुन्हा देतात.

दादाने माझ्यासाठी तसा एक कागद तयार ठेवला होता. लहान एका इंजिनच्या विमानाने पाच मिनिटांत ९००० फूट आणखी चढायचं. मी तो कंट्रोलरच्या ठसक्यात वाचला. त्याने लिहून घेतलं, वहीतल्या आकड्याकडे पाहिलं, आधी विमान सरळ केलं आणि मग बटण दाबून म्हणाला, "अनेबल. मला पंचवीस मिनिटं लागतील." आता नवा क्लिअरन्स द्यायची पाळी माझी होती, आणि तो कागदावर लिहिलेला नव्हता.