तापीकाठची बाळंतपणं – भाग ५ : कोणतं पुस्तक वाचायचं?

बाराव्या आठवड्याच्या आत नाव का नोंदवायचं, ते मागच्या भागात पाहिलं. नोंदणी झाली, कार्ड हातात पडलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता वाचायचं काय?

बुऱ्हाणपुरात हा प्रश्न जरा जास्तच गुंत्याचा आहे. रावेर, यावल, जळगावकडच्या कितीतरी मुली लग्न होऊन इथे येतात. त्यांचं शिक्षण मराठीत झालेलं असतं. इथले सरकारी कागद हिंदीत, सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत. डोहाळजेवणात माहेरून गर्भसंस्काराचं एखादं जाडजूड पुस्तक येतं आणि मोबाइलवर तर सल्ल्यांचा पूर असतो. वाचायला भरपूर आहे, पण त्यातलं काय निवडावं हे तिला कुणी सांगत नाही.

माझी कसोटी एकच आहे. पुस्तक हातात घेतलं की आहाराचं किंवा सुविचारांचं प्रकरण नंतर बघा, आधी धोक्याच्या लक्षणांचं पान शोधा. ते सहज सापडलं नाही, तर पुस्तक कितीही देखणं असलं तरी परत ठेवा.

एवढं ठासून सांगायचं कारण याच गावात आहे. तापीपलीकडे जैनाबादला आहुखान्याचे, म्हणजे मोगलांच्या मृगबागेचे, अवशेष आहेत. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला आधी तिथेच दफन केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात पार्थिव आग्र्याला नेलं. मुलगी गौहरआरा वाचली. बादशाही हकीम, दाया, धन, फौज असं सगळं हाताशी असूनही आई वाचली नाही. तेव्हा नसलेल्या गोष्टी आज जिल्हा रुग्णालयात आहेत: बाळ जन्मताच द्यायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, रक्त, शस्त्रक्रिया. तरीही २०१८-२० च्या सरकारी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि मध्य प्रदेशात १७३ होते. रावेर आणि बुऱ्हाणपूर यांच्यामध्ये फक्त राज्याची हद्द आहे, हे लक्षात घेऊन हे आकडे वाचावेत. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव आजही जगभरात मातामृत्यूचं सर्वांत मोठं कारण आहे. वेळेत पोचलेली बाई बहुतेक वेळा वाचते.

म्हणून त्या पानावर काय असायला हवं? अंगावरून रक्त जाणं, वेळेआधी पाणी जाणं, सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहरा आणि हात सुजणं, झटके, ताप, पोटात असह्य कळ, बाळाची हालचाल मंदावणं. आणि प्रत्येकापुढे स्पष्ट सूचना हवी: ताबडतोब निघा, १०८ ला फोन करा. ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ एवढंच लिहिणारं पुस्तक रात्री दोन वाजता काही कामाचं नाही.

या कसोटीला उतरणारं पहिलं पुस्तक बहुतेकींच्या घरात आधीच असतं आणि त्याला कुणी पुस्तक म्हणत नाही. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मिळणारं माता-बाल सुरक्षा कार्ड. ते नीट उलगडून बघा. धोक्याची लक्षणं त्यात चित्रांतून दाखवली आहेत, त्यामुळे हिंदी अडलं तरी अर्थ अडत नाही. आत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांचे रकाने असतात. ते प्रत्येक तपासणीत भरून घ्यायचे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. रकाना रिकामा दिसला तर विचारायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. माझ्या मते विकतची पुस्तकं या कार्डाच्या सोबतीला असावीत, त्याच्या जागी नकोत.

विकतचं पुस्तक पारखायला बुऱ्हाणपूरकरांकडे घरचीच एक परीक्षा आहे: केळं. केळ्यात लोह भरपूर, असं कुठे छापलेलं दिसलं तर सावध व्हा. केळं ताकद देतं, गरोदरपणात जरूर खावं, पण त्यात लोह फारच थोडं असतं. रक्त वाढण्यासाठी चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहगोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस. गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाणी चालेल. जे पुस्तक फक्त फळं-सुकामेवा सांगतं आणि गोळीबद्दल गप्प राहतं, ते अर्धवट आहे. निमाड आणि सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. त्याचा उल्लेख बहुतेक पुस्तकांत नसतो, त्यामुळे ती रक्ततपासणी स्वतःहून मागून घ्यावी.

परदेशी पुस्तकं वाईट नाहीत. १९८४ साली निघालेलं हायडी मर्कॉफ यांचं ‘व्हॉट टू एक्स्पेक्ट व्हेन यू आर एक्स्पेक्टिंग’ पहिलटकरणीच्या मनातले बारीकसारीक प्रश्न मोकळेपणाने घेतं. फक्त तिथल्या तपासण्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. अमेरिकेत मधुमेहासाठी बहुधा आधी ५० ग्रॅम ग्लुकोज देऊन तासाभराने साखर बघतात. आपल्याकडे राष्ट्रीय सूचनेनुसार ७५ ग्रॅम देऊन दोन तासांनी, आणि १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पुस्तकातला आकडा आणि रिपोर्टातला आकडा जुळला नाही म्हणून उगाच घाबरू नका.

गर्भसंस्काराच्या पुस्तकांबद्दल मला आदरानेच बोलायचं आहे. मन शांत ठेवणारं वाचन, गाणं, घरच्यांची माया यांची गरोदर बाईला खरीच गरज असते. आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी झालेलं पहिलं मूल दहा दिवसांत गमावलेली ती आई होती. जुनं समजून घ्यायचं आणि नवं वैद्यक शिकायचं, ही दोन्ही कामं तिने केली. पण मंत्राच्या भरवशावर रक्तदाबाची तपासणी चुकवायला सांगणारं पान कुठल्याही पुस्तकात दिसलं, तर ते मानू नका. ‘मुलगाच व्हावा’ यासाठी उपाय सांगणारं पुस्तक तर घरातच आणू नका. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या पेशीतल्या गुणसूत्रावर गर्भधारणेच्या क्षणीच ठरतं, नंतर कशानेही बदलत नाही.

आणखी एक. पुस्तक एकटीने वाचून भागत नाही. ऐनवेळी निर्णय सासूबाई, नवरा, जाऊबाई घेतात. रात्री जेवणं झाल्यावर धोक्याच्या लक्षणांचं पान नवऱ्याने मोठ्याने वाचावं, सासूबाईंनी ऐकावं. तेव्हाच ठरवून टाकावं: गाडी कुणाची, रक्त द्यायला कोणते दोघे, घरी मोठ्या मुलाजवळ कोण.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर मोफत तपासतात. येत्या ९ तारखेला जाताना कार्ड आणि तुमचं पुस्तक, दोन्ही पिशवीत घाला. जिथे शंका आहे तिथे पेन्सिलीने खूण करून न्या आणि ती खूण दाखवूनच डॉक्टरांना विचारा.