विश्लेषण : टीव्हीची कंपनी मोबाइल कंपनीने घेतली, तर विजयदुर्गातली छत्री कुणीकडे फिरणार?

विजयदुर्गात किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने चालताना वर पाहिले, की कौलांच्या कडेला, चिऱ्याच्या भिंतीवर, कुठे नुसत्याच लोखंडी खांबावर टीव्हीच्या छत्र्या दिसतात. साऱ्यांची पाठ समुद्राकडे आणि तोंड आग्नेयेला. नीट निरखले तर त्यांतही फरक आहे. काही दक्षिणेकडे झुकलेल्या, तर काही जवळजवळ पूर्वेला वळलेल्या. एखादी मोबाइल कंपनी डीटीएच कंपनी विकत घेते, तेव्हा ग्राहकाच्या दृष्टीने सगळा प्रश्न या फरकात असतो. अर्थविषयक बातम्यांत मात्र तो सहसा सापडत नाही.

नेमके काय घडले होते?

भारती एअरटेलने २६ फेब्रुवारी २०२५ रोजी शेअर बाजाराला कळवले, की टाटा समूहाचा ‘टाटा प्ले’ आणि आपली भारती टेलिमीडिया, म्हणजे एअरटेल डिजिटल टीव्ही चालवणारी कंपनी, एकत्र आणण्याबाबत टाटा समूहाशी बोलणी सुरू आहेत. ३ मे २०२५ रोजी बोलणी थांबल्याचेही जाहीर झाले. समाधानकारक तोडगा निघाला नाही, एवढेच कारण दिले गेले. व्यवहार झाला असता, तर देशातल्या पैसे भरून डीटीएच पाहणाऱ्या ग्राहकांपैकी निम्म्याहून जास्त एकाच छताखाली आले असते.

व्यवहार बारगळला, तरी विषय मिटलेला नाही. ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार देशातले सक्रिय डीटीएच ग्राहक २०२० मध्ये ७ कोटींच्या वर होते, मार्च २०२५ अखेर ते सुमारे ५ कोटी ६९ लाख उरले. शहरात लोक फायबर आणि मोबाइलवर मालिका पाहू लागले. गावात ज्यांना महिन्याचा खर्च नको, ते दूरदर्शनच्या फ्री डिशकडे वळले. आटणाऱ्या धंद्यात कंपन्या एकमेकींत विलीन होतात किंवा विकल्या जातात, त्यामुळे अशी बातमी पुन्हा येऊ शकते.

ग्राहक काय विचारतात?

मुंबईत बसलेला विश्लेषक विचारतो, की मूल्यांकन किती, कर्ज किती. किनाऱ्यावरच्या गावात हाच विषय निघाला, की प्रश्न वेगळे असतात. ‘डबो बदलूक लागतलो काय?’ ‘छत्री फिरवूक कोण येतलो?’ ‘भरलेले पैशे बुडतले काय?’ मालक टाटा की मित्तल, याच्याशी फारसे कुणाला देणेघेणे नसते. हे प्रश्न भाबडे वाटतात, पण अशा व्यवहाराचे मर्म त्यांतच आहे.

छत्री का फिरवावी लागते?

डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतात आणि जमिनीवरून पाहिले तर एकाच जागी स्थिर दिसतात. प्रत्येक कंपनीची जागा ठरलेली असते. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत. जून २०२२ मध्ये सोडलेला जीसॅट-२४ तर पूर्णपणे याच कंपनीला भाड्याने दिलेला आहे. एअरटेल १०८.२ अंशांवरच्या उपग्रहावरून येते, फ्री डिश ९३.५ अंशांवरून.

विजयदुर्गच्या अक्षांश-रेखांशावरून गणित मांडले, तर ८३ अंशांवरचा उपग्रह आकाशात जवळपास ६८ अंश उंच दिसतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. १०८.२ अंशांवरचा जेमतेम ४६ अंशांवर, आणि दिशेनेही ३५ अंशांहून जास्त पूर्वेकडे सरकलेला. शहरातल्या गच्चीवर हा फरक कुणाच्या ध्यानातही येणार नाही. कोकणात घराच्या पूर्वेला माड असतो, फणस असतो, कुणाचे हापूसचे कलम असते, नाहीतर सरळ डोंगराचा चढच. छत्रीने डोक्यावर पाहायचे असेल तर झाड आड येत नाही. खाली मान करून पूर्वेला पाहायचे म्हटले, की येते. मग खांब उंच करा, जागा बदला, किंवा शेजाऱ्याला फांदी तोडू देण्याची विनंती करा. शेवटचा उपाय गावात सर्वांत अवघड.

मग दोन्ही उपग्रह चालू का ठेवत नाहीत? ठेवता येतात. पण दोन कंपन्या त्याच वाहिन्या दोन वेगळ्या उपग्रहांवरून पाठवतात आणि दोन भाडी भरतात. विलीनीकरणातली मोठी बचत यातले एक भाडे वाचवण्यात असते. ते वाचवायचे, तर आज ना उद्या अर्ध्या ग्राहकांच्या छत्र्या फिरवाव्या लागतात, डबे बदलावे लागतात. तो खर्च कोण करणार, याचे उत्तर पहिल्या दिवशीच्या निवेदनात शोधायला हवे.

आधी असे झाले तेव्हा?

दोन उदाहरणे देशातलीच आहेत. डिश टीव्ही आणि औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनची डीटूएच मार्च २०१८ मध्ये एकत्र आल्या. तेव्हा ग्राहकाला काही करावे लागले नाही. दोन्ही नावे राहिली, उपग्रहही वेगवेगळे राहिले, पावतीवरची कंपनी तेवढी बदलली.

दुसरे उदाहरण धडकी भरवणारे आहे. अनिल अंबानींच्या मोबाइल कंपनीने २००८ मध्ये बिग टीव्ही सुरू केला. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली आणि डीटीएचचा धंदा तिने दुसऱ्यांना विकला. नव्या मालकांनी त्याचे नाव ‘इंडिपेंडंट टीव्ही’ ठेवले, आणि २०१९ मध्ये ती सेवाच बंद पडली. छत्री आणि डबा दोन्ही भंगारात गेले. म्हणून ‘पैशे बुडतले काय’ हा प्रश्न उगाच आलेला नाही.

अमेरिकेत तर मोबाइल कंपनीने उपग्रह टीव्ही घेण्याचा सर्वांत मोठा प्रयोग झाला. एटी अँड टीने २०१५ मध्ये डायरेक्टीव्ही सुमारे ४९ अब्ज डॉलरना घेतली. फोन, इंटरनेट, टीव्ही अशी सगळी बिले एकत्र येतील, हा हिशेब होता. ग्राहक मात्र लाखोंनी सोडून गेले, आणि २०२१ मध्ये तिचा हिस्सा विकताना किंमत सुमारे १६ अब्जांवर आली होती.

एकाच बिलाचा फायदा नाही का?

आहे, नाही असे नाही. मोबाइल, घरचा इंटरनेट आणि टीव्ही एका ठिकाणी भरले, तर सवलत मिळते. एअरटेलने २०२१ मध्ये ‘ब्लॅक’ या नावाने तशी योजनाही आणली. पण त्यासाठी घरात तिन्ही गोष्टी असाव्या लागतात. वाडीत कुठल्या मोबाइलची रेंज येते, ते डोंगर ठरवतो. टीव्ही कंपनीचे ज्या नेटवर्कशी लग्न लागले, तेच आपल्या पडवीत पोहोचेल याची हमी नाही. शिवाय इथली कितीतरी घरे वर्षातले बरेच महिने बंद असतात. चाकरमानी गणपतीला नि मे महिन्यात येतात, तेवढ्यापुरता रिचार्ज मारतात. त्यांना बारमाही एकत्रित बिल म्हणजे बंद घराचे भाडेच.

मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. टीव्हीच्या डब्याला ती मिळालेली नाही. कोणताही डबा कोणत्याही कंपनीला चालावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. तरी आज एका कंपनीचा डबा दुसरीकडे निव्वळ खोके आहे. माझ्या मते कंपन्यांच्या विलीनीकरणापेक्षा ग्राहकाला जास्त गरज या एका सुधारणेची आहे.

आणि पावसाळ्याचे काय?

मालक कुणीही असो, यात बदल होणार नाही. डीटीएचच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि नेमकी जून-जुलैत मासेमारी बंद असते. घरातली माणसे टीव्हीसमोर, आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’. खाऱ्या वाऱ्याने खांबाचे बोल्ट गंजतात, ते वेगळेच. इथे ग्राहक कंपनीकडे स्वस्त प्लॅनपेक्षा वादळानंतर दोन दिवसांत येणारा माणूस मागतो.

अशी बातमी पुन्हा आली, तर वर्षभराचा रिचार्ज एकदम करू नये, महिन्याचाच करावा. ग्राहक क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. आणि नोंदवलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे, तेही पाहावे. पुष्कळ घरांत जोडणी मुंबईतल्या मुलाच्या नंबरवर आहे. डबा बदलायला माणूस दारात येतो, ओटीपी जातो परळला किंवा विरारला, आणि मुलगा त्या वेळी लोकलमध्ये असतो.