संघाची जुळणी

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, पंढरपूरच्या वाटेवर, वेळापूर हे गाव आहे. अर्धनारी नटेश्वराच्या प्राचीन देवालयामुळे ते प्रसिद्ध आहे. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघून या गावी मुक्कामाला येते. परंतु खेळाडूंच्या जगात वेळापूरचे नाव घेतले जाते ते खो-खोमुळे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळवर ५४-३६ असा विजय मिळविला. त्या विजयी संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता.

अशा गावी सायंकाळी दोन प्रकारचे खेळ दिसतात. मैदानावर काही मुले खो-खो खेळत असतात. ओट्यावर काही मुले मोबाइलच्या पडद्यात डोके घालून अद्भुत प्राण्यांची झुंज लावीत असतात. एका खेळात घाम गळतो, तर दुसऱ्यात केवळ बोटे हलतात. एकात खरी माणसे पळतात, तर दुसऱ्यात कल्पनेतले प्राणी लढतात. या दोन खेळांत काही साम्य असेल, असे कोणाला वाटेल काय? पण साम्य आहे, आणि ते फार उपयोगाचे आहे. दोन्हीकडे खेळ सुरू होण्याआधीच एक प्रश्न सोडवावा लागतो : संघात कोणाला घ्यावे, आणि कोणी कोणते काम करावे?

प्रथम मैदानावरचा खेळ पाहू. खो-खोच्या नेहमीच्या सामन्यात एका संघाचे नऊ खेळाडू खेळतात. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, व मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला ही बंधने नाहीत. तो बसलेल्या गड्यांमधून इकडून तिकडे जाऊ शकतो, मागे वळू शकतो, हुलकावणी देऊ शकतो. मात्र पळणारे नऊही जण एकदम मैदानात येत नाहीत. ते तिघातिघांच्या तुकड्यांनी येतात, आणि त्यांच्या नावांचा क्रम पाळी सुरू होण्यापूर्वीच गुणलेखकाकडे नोंदवावा लागतो.

येथेच खरा विचार सुरू होतो. सर्वांत चपळ असे तिघे पहिल्या तुकडीत घातले, तर ते बराच वेळ काढतील. पण ते बाद झाल्यावर मागच्या सहा जणांचे काय? चपळ गडी तिन्ही तुकड्यांत एकेक वाटले, तर प्रत्येक तुकडीला आधार मिळेल; पण पहिली तुकडी लवकर बाद झाली तर? शिवाय तुकडीतल्या तिघांनाही एकमेकांची सवय असावी लागते. पाठलाग करणारा एका वेळी एकाच्याच मागे धावतो. ज्याच्या मागे तो लागला असेल, त्याने त्याला आपल्याकडे ओढून ठेवावे, म्हणजे उरलेल्या दोघांना दम घेता येतो. तो थकला की दुसऱ्याने पुढे यावे. हे ज्यांना साधते, असे तीन मध्यम गतीचे गडीही केवळ स्वतःपुरते पळणाऱ्या तीन वेगवान गड्यांपेक्षा अधिक काळ टिकतात.

पाठलागाच्या बाजूलाही असाच विचार असतो. सूर मारून खांबाजवळचा गडी टिपणारा खेळाडू खांबानजीक बसवितात. चटकन उठून योग्य वेळी खो देणारे मधल्या जागी बसतात. खो दिला की देणारा त्या जागी बसतो, त्यामुळे आरंभीची मांडणी क्षणाक्षणाला बदलत जाते. म्हणून प्रत्येकाला आपले खास काम तर आलेच पाहिजे, पण शेजाऱ्याचे कामही थोडेबहुत आले पाहिजे.

आता ओट्यावरच्या खेळाकडे वळू. अद्भुत प्राण्यांच्या झुंजीच्या खेळांत पोकेमॉन हा सर्वांत प्रसिद्ध आहे. तो १९९६ मध्ये जपानात निघाला. त्याची कल्पना सातोशी ताजिरी यांची. लहानपणी त्यांना किडे पकडून जमविण्याचा फार छंद होता. त्या छंदातूनच रानावनांत फिरून प्राणी गोळा करण्याचा हा खेळ त्यांना सुचला. या खेळात प्रत्येक प्राण्याची एक किंवा दोन प्रकारची प्रकृती असते : अग्नी, जल, वनस्पती, वीज, भूमी, खडक इत्यादी. आज अशा अठरा प्रकृती आहेत. त्यांचा परस्परसंबंध निसर्गाला धरून योजिलेला आहे. पाणी अग्नीला विझविते, अग्नी वनस्पतीला जाळतो, आणि वनस्पती पाणी शोषून घेते. म्हणून जलप्रकृतीचा मारा अग्निप्रकृतीच्या प्राण्याला दुप्पट लागतो. उलट अग्नीचा मारा जलप्रकृतीच्या प्राण्याला निम्माच लागतो. भूमीवर तर विजेचा काहीच परिणाम होत नाही. याचा अर्थ असा की, या खेळात कोणीही सर्वांत बलवान नाही. प्रत्येकाला कोणीतरी भारी आहेच.

संघात प्राणी सहा, आणि प्रत्येकाला एका वेळी डाव चारच ! कुस्तीतील पहिलवानाला ढाक, धोबीपछाड, कलाजंग असे कितीतरी डाव येत असतात, आणि वेळ पडेल तसा तो त्यांतला एक काढतो. येथे मात्र शिकता येणाऱ्या अनेक डावांतून चार आधीच निवडावे लागतात. उरलेले घरी ठेवायचे. तेव्हा काय घ्यावे यापेक्षा काय सोडावे हेच अवघड असते.

एक उदाहरण घेऊ. चारिझार्ड नावाचा पंख असलेला, अग्निप्रकृतीचा प्राणी आहे. आपल्या प्रकृतीचा डाव कोणत्याही प्राण्याच्या हातून दीडपट जोराने बसतो. हे कळल्यावर नवशिका खेळाडू त्याला चारही डाव अग्नीचेच देतो. झुंजीत जलप्रकृतीचा प्रतिस्पर्धी समोर येतो, आणि चारही डाव निम्मे होतात ! जाणता खेळाडू असे करीत नाही. तो अग्नीचा एक जोरदार डाव ठेवतो, पंखांच्या प्रकृतीचा एक ठेवतो, आणि तिसरा डाव सौरकिरणांचा देतो. हा तिसरा डाव वनस्पतिप्रकृतीचा असल्यामुळे पाण्याच्या प्राण्याला दुप्पट लागतो. म्हणजे जो आपल्याला मारावयास येणार, त्याच्यासाठीच तो राखून ठेवलेला असतो. चौथा डाव संरक्षणाचा. तो टाकला की त्या पाळीपुरता शत्रूचा बहुतेक प्रत्येक मारा अडतो. मात्र ओळीने दुसऱ्यांदा टाकल्यास तो बहुधा फसतो. म्हणून त्याची वेळ अचूक साधावी लागते.

सौरकिरणांच्या डावात एक उणीव आहे. पहिल्या पाळीत किरण साठवावे लागतात आणि दुसऱ्या पाळीत ते सोडता येतात. पण झुंजीत कडक ऊन पडलेले असेल, तर ते तत्काळ सुटतात. नाइनटेल्स या प्राण्याच्या एका जातीत असा गुण आहे की, तो मैदानात येताच ऊन पडते. उन्हात अग्नीचे डाव दीडपट होतात व पाण्याचे निम्मे होतात. व्हीनसॉर या वनस्पतिप्रकृतीच्या प्राण्याच्या एका जातीचा वेग उन्हात दुप्पट होतो. म्हणजे एकाने ऊन पाडावे आणि इतरांनी त्याचा लाभ घ्यावा. ऊन पाडणारा स्वतः फारसे शत्रू न लोळविता बाद झाला, तरी त्याने संघाचे मोठे काम केलेले असते.

परंतु केवळ उन्हावर विसंबलेला संघ धोक्यात असतो. प्रतिस्पर्ध्याने पाऊस पाडणारा प्राणी आणला, तर सगळे गणित उलटते. त्याने खडकाचा मारा केला, तर नाइनटेल्सला तो दुप्पट आणि चारिझार्डला तर चौपट लागतो ! एकाच दिशेने येणारे संकट दोघांनाही घेरते. सोलापूरकडचा जिरायत शेतकरी ही गोष्ट पुस्तकावाचून जाणतो. तो रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी पेरतो. पाऊस अपुरा पडून एक पीक हातचे गेले, तरी दुसरे काही देते. शिवाय कडेची काटेरी करडई गुरांना ज्वारीत शिरू देत नाही. ज्वारी पोट भरते व करडई राखण करते. संघाची जुळणी याहून वेगळी नसते. सहा प्राण्यांची यादी केल्यावर जाणता खेळाडू स्वतःला विचारतो : ‘माझ्या सहांपैकी किती जणांना एकच मारा घातक आहे? तो मारा आला, तर पुढे होऊन तो झेलणारा माझ्याकडे कोण आहे?’

या प्रश्नाचे महत्त्व २०१४ मध्ये साऱ्या जगाला दिसले. त्या वर्षी पोकेमॉनची जागतिक स्पर्धा अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरली होती. या स्पर्धेत दोन-दोन प्राणी जोडीने लढतात. दोन्ही स्पर्धकांना एकमेकांचे सहा प्राणी आधी दाखविले जातात आणि त्यांतले चार निवडून खेळावयाचे असते. बहुतेकांच्या संघांत बलाढ्य प्राणी होते. दक्षिण कोरियाच्या पार्क सेजुन या खेळाडूने मात्र पाचिरिसू नावाची एक चिमुकली खार संघात घेतली होती. तिचे बळ इतके थोडे की, मोठ्या स्पर्धेत तिला सहसा कोणी विचारीत नसे.

मग त्याने तिला का घेतले असेल? त्याच्या संघात गायरडॉस हा मोठा प्राणी होता आणि विजेचा मारा त्याला अतिशय घातक होता. पाचिरिसूच्या अंगी असा गुण होता की, वीज तिच्यावर पडली तर तिला इजा न होता उलट तिची शक्ती भरून येई. शत्रूचा मारा स्वतःकडे ओढून घेण्याचा डाव तिला येत होता. म्हणजे गायरडॉसवर सोडलेली वीज खार आपल्या अंगावर घेई, आणि तोपर्यंत गायरडॉस निर्धास्तपणे आपले काम करी ! तिचे उरलेले तीन डावही विचारपूर्वक निवडलेले होते. एक शत्रूला लकवा आणून त्याचा वेग घटवी, एक शत्रूची उरलेली शक्ती निम्मी करी, आणि एक संरक्षणाचा होता. चारही डावांचा मुख्य उपयोग तिच्या अंगबळावर अवलंबून नव्हता. जे बळ तिच्यापाशी नव्हते, ते तिच्याकडून मागितलेच नव्हते. पार्क सेजुन ती स्पर्धा जिंकून जगज्जेता झाला.

मुलांनो, येथे पुन्हा खो-खोच्या मैदानाची आठवण होते ना? पाठलाग करणाऱ्याला आपल्याकडे ओढून सोबत्यांना विसावा देणारा गडी आणि शत्रूचा मारा अंगावर घेणारी खार, यांचे काम एकच आहे. फरकही विसरू नये. पडद्यावरचा प्राणी थकल्याची तक्रार करीत नाही, रुसत नाही, आणि संघातून वगळला तर त्याला वाईटही वाटत नाही. मैदानावरचा सोबती हाडामांसाचा असतो. पडद्यावर चुकलेली निवड दुसऱ्या डावात दुरुस्त होते. पण ‘तुला काही येत नाही’ असे म्हणून बाहेर बसविलेला मुलगा कदाचित पुन्हा मैदानावर येतच नाही. म्हणून खऱ्या संघाची जुळणी करणाऱ्यावर अधिक मोठी जबाबदारी असते.

शाळेच्या सामन्यासाठी संघ निवडण्याची पाळी तुमच्यावर येईल, तेव्हा वेगाने पळणाऱ्यांची नावे आधी लिहाल, हे स्वाभाविक आहे. पण तेथेच थांबू नका. कोण न घाबरता उभा राहतो, कोण प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर नजर ठेवतो, कोणाचा दम अखेरपर्यंत टिकतो, हेही पाहा. सामना संपल्यावर, जिंकला असो वा हरला असो, काय फसले ते वहीत टिपून ठेवा. आणि यादीच्या शेवटी राहिलेल्या मुलाविषयी ‘याला घ्यावे की नाही?’ असे विचारण्यापूर्वी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा : ‘याला जे येते, त्याची आपल्या संघात कोठे गरज आहे?’

स्वाध्याय

१. पळणाऱ्या नऊ गड्यांच्या तीन तुकड्या पाडताना कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागतो?

२. चारिझार्डला चारही डाव अग्नीचे देणे चुकीचे का ठरते?

३. ज्वारी आणि करडई यांच्या उदाहरणातून लेखकाने संघाविषयी काय सुचविले आहे?

४. ‘जे बळ तिच्यापाशी नव्हते, ते तिच्याकडून मागितलेच नव्हते.’ हे वाक्य कोणाविषयी आहे? त्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. तुमच्या वर्गातील नऊ मुलामुलींचा खो-खोचा संघ निवडा. प्रत्येकाचे काम कोणते, ते एकेका वाक्यात लिहा.