जुन्या गाडीचा ब्लोअर: बिघाड ओळखण्याची रीत

उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या डाव्या अंगाला, ग्लव्ह बॉक्सच्या मागे, वाटोळ्या प्लॅस्टिकच्या घरात एक पंखा बसवलेला असतो. त्याला सगळे ब्लोअर म्हणतात. त्याचे चाक छताच्या पंख्यासारखे नसते. डब्याच्या कडेने उभ्या अरुंद पट्ट्या लावाव्यात तसे ते दिसते; हवा मधून आत ओढते आणि कडेने बाहेर फेकते. हवा एसीची असो वा हीटरची, ती प्रवाशांपर्यंत पोचवणारा पंखा हा एकच. तो थांबला की एसीत गॅस पुरेपूर असूनही गाडी तापते. त्याहून गंभीर म्हणजे जुलैच्या पावसात आंबोलीचा घाट चढताना पुढची काच आतून धुरकटते आणि समोरचे वळण दिसेनासे होते. म्हणून हा बिघाड केवळ गैरसोयीचा समजून पुढे ढकलू नये.

मारुती ८०० १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्या तीन दशकांतल्या बहुतेक साध्या गाड्यांत ब्लोअरची वायरिंग एकाच धाटणीची असते. बॅटरीचा करंट इग्निशन स्विचमधून फ्यूजकडे, काही गाड्यांत तिथून रिलेकडे आणि मग मोटरकडे जातो. वेग कमी-जास्त करण्यासाठी वाटेत रेझिस्टर आणि नॉबमागचा स्विच असतो. रेझिस्टर म्हणजे छोट्या पट्टीवर स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या दोन-तीन तारा. एक नंबरला करंट सगळ्या तारांतून जातो, त्यापुढच्या नंबरांना त्यातल्या काहींतून, आणि शेवटच्या नंबरला रेझिस्टर वगळून मोटरला थेट मिळतो. एवढी एक गोष्ट नीट समजली तर निम्मे निदान सीटवर बसूनच होते.

शेवटच्या नंबरला पंखा जोरात चालतो, पण खालचे सगळे नंबर मेलेले आहेत, अशी तक्रार सर्वांत जास्त आढळते. यात मोटर आणि फ्यूज यांचा काही दोष नाही; रेझिस्टर गेलेला आहे. मधला एकच नंबर चालत नसेल तर स्विचच्या आतला तेवढा संपर्क जळलेला असतो किंवा तिथली वायर निसटलेली असते. खालचे नंबर चालून शेवटचा चालत नसेल तर त्याच नंबराचा संपर्क, किंवा असल्यास त्याचा वेगळा रिले तपासावा. पंखा फिरल्याचा आवाज येतो पण हवा लागत नाही, तेव्हा वायरिंगकडे जाऊच नये: केबिन फिल्टर धुळीने चोंदलेला असतो, कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असतो, किंवा चाक मोटरच्या दांड्यावर सैल होऊन नुसतेच घसरत असते. बर्फाची खूण सोपी आहे. एसी बंद ठेवून अर्ध्या तासाने हवा पुन्हा पूर्ववत येऊ लागली, तर तो वितळला असे समजावे.

कोणत्याच नंबरला काहीच हालचाल नसेल तर मात्र क्रमाने तपासावे लागते, आणि हा क्रम मोडून थेट नवी मोटर आणणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. सुरुवात फ्यूजपासून. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून भागत नाही, कारण त्याच्या पट्टीला केसाएवढी चीर असली तरी तो शाबूत दिसतो. इग्निशन चालू करून टेस्टिंग बल्बचे टोक फ्यूजच्या दोन्ही पायांना लावावे. दोन्हीकडे बल्ब पेटला पाहिजे. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा हवा. पात्यांच्या फ्यूजमध्ये निळा १५चा, पिवळा २०चा आणि हिरवा ३०चा. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे किंवा तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे डॅशबोर्डमागे आगीला आमंत्रण आहे. फ्यूज उडतो तो मोटर जादा करंट खेचते म्हणून, किंवा कुठेतरी वायर सोलून बॉडीला टेकली आहे म्हणून.

फ्यूज ठीक असेल तर मोटरच्या कपलरपाशी जावे. इथे अनेकांची फसगत होते. अनेक जपानी धाटणीच्या गाड्यांत मोटरला फ्यूजकडून करंट कायम मिळत असतो आणि स्विच व रेझिस्टर अर्थच्या बाजूला असतात. अशा गाडीत नॉब बंद असताना मोटरच्या दोन्ही वायरींवर बल्ब पेटतो आणि करंट पोचतो आहे, म्हणजे मोटरच जळाली, असा निष्कर्ष निघतो. म्हणून मल्टिमीटरची दोन्ही टोके मोटरच्याच दोन वायरींवर ठेवावीत आणि नॉब शेवटच्या नंबरला ठेवावा. इंजिन बंद असताना सुमारे १२ व्होल्ट दिसले आणि पंखा हलला नाही, तर दोष मोटरमध्ये. तिथे शून्य दिसले, पण एका वायरीवर बॉडीच्या हिशेबाने १२ व्होल्ट असले, तर मोटर निर्दोष आहे. अर्थाकडची वाट तुटली आहे. अर्थाचा जोड तपासताना पंखा चालू ठेवून त्या जोडावर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर नट सोडवून खालचा गंज खरवडून काढावा. किनारपट्टीवरच्या गाड्यांत हा गंज फार लवकर धरतो.

कपलर हातात आलाच आहे तर त्याचा रंग पाहावा. पांढरे प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी पडलेले, कडा मेणासारखी वितळलेली, ही दृश्ये जुन्या गाड्यांत नेहमीची. त्यामागचे गणित सोपे आहे. पूर्ण वेगात ब्लोअर गाडीनुसार साधारण १० ते २० अँपिअर करंट खेचतो. सैल पडलेल्या पिनेचा रोध केवळ ०.१ ओहम धरला आणि करंट १५ अँपिअर, तर त्या एका बिंदूवर २२.५ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे जवळजवळ एका छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. असा कपलर साफ करून परत वापरू नये. नवा कपलर जाड वायरीसह घट्ट पिना दाबून जोडावा.

मोटरवर संशय असेल तर ती बाहेर काढण्याआधी तिच्या घरावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करावी. पंखा चालू झाला की कार्बन झिजलेत हे कळते. मग बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडून ग्लव्ह बॉक्स उतरवावा. एअरबॅगवाल्या गाडीत पिवळ्या कपलरांना हात लावू नये. बहुतेक मोटरी तीन-चार स्क्रूंवर असतात आणि खालून सरळ बाहेर येतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत मोटरीबरोबर वाळकी पानेही खाली पडतात, कधी उंदराचे घरटेही. हातमोजे आणि मास्क घालूनच ते साफ करावे. केवळ कचरा अडकल्यामुळेही पंखा थांबतो, आणि अडकलेली मोटर फिरत्या मोटरीच्या कित्येक पट करंट खेचते. फ्यूज का उडाला याचे उत्तर अनेकदा या पानांतच सापडते.

बाहेर काढलेली मोटर फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी थेट बॅटरीला जोडून पाहावी. किंचाळत फिरली तर बुश कोरडे आहेत. शिलाई मशीनचे तेल प्रत्येक बुशावर एकेक थेंब, त्याहून जास्त नाही, कारण जास्तीचे तेल कार्बनपर्यंत पोचते. मोटरचे पत्र्याचे कान उघडता येत असतील तर कार्बन पाहावेत. नवा कार्बन स्प्रिंगच्या दाबाने ताठ पुढे येतो, झिजलेला कम्युटेटरला पोचतच नाही. कम्युटेटर झिरो नंबर पॉलिश पेपरने पुसून पट्ट्यांमधल्या खाचा टोकदार काडीने साफ कराव्यात. चाक काढण्यापूर्वी दांड्यावर खूण करावी, आणि पट्ट्यांवर कुठे छोटी धातूची क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नये. ती चाकाचा तोल सांभाळण्यासाठी कारखान्यातच लावलेली असते.

रेझिस्टर बदलणे त्या मानाने दोन स्क्रूंचे काम आहे, पण तो का गेला हे पाहिल्याशिवाय ते अपुरे राहते. रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्याच्या वाटेत बसवलेला असतो, कारण त्याच्या तारा लाल होण्याइतक्या तापू शकतात आणि वाराच त्यांना थंड ठेवतो. फिल्टर चोंदला की वारा कमी होतो, मोटर जड फिरू लागली की त्याबरोबर करंटही वाढतो, आणि रेझिस्टरवरचा उष्णतेने तुटणारा फ्यूज वितळतो. नवा रेझिस्टर महिन्याभरात पुन्हा गेला, तर दोष बहुधा त्याचा नसून मोटरचा किंवा चोंदलेल्या फिल्टरचा असतो. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. ते बिघडले की पंखा एकतर पूर्ण वेगात अडकतो, नाहीतर अजिबात फिरत नाही.

बंद झालेल्या मॉडेलची मोटर मिळवायला मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड ही ठरलेली जागा आहे. जुनी मोटर घेताना दांडा हाताने फिरवून, आडवा हलवून पाहावा; बुश ढिले असतील तर तो खुळखुळतो. दुसऱ्या मॉडेलची मोटर बसवल्यावर हवा मंद लागली, तर वायरी उलट जोडल्या गेल्या का ते पाहावे. या प्रकारचे चाक उलटे फिरले तरी हवा बाहेरच फेकते, फक्त जोर फार कमी असतो, त्यामुळे चूक चटकन ध्यानात येत नाही.

सगळे जोडून झाल्यावर ग्लव्ह बॉक्स लगेच बंद करू नये. इंजिन चालू ठेवून पंखा शेवटच्या नंबरला पंधरा मिनिटे चालवावा, मग प्रत्येक नंबर फिरवून पाहावा आणि कपलरला बोट लावावे. तो कोमट लागला तर हरकत नाही. बोट ठेववत नसेल तर पिना अजून सैल आहेत.