नडगीवरचे पान आणि एका नावाची शंभर वर्षे

कोरिइडी या कुलातील अनेक ढेकणांच्या मागच्या पायांची नडगी रुंदावून पानासारखी चपटी झालेली असते, आणि या एका लक्षणावरून इंग्रजीत त्यांना ‘लीफ-फुटेड बग’ हे नाव पडले. मराठीत त्यांना पानपायी ढेकूण म्हणता येईल. ढेकूण म्हटले की गादीत लपणारा, रक्त पिणारा कीटक आठवत असला, तरी कीटकशास्त्रात हा शब्द सोंडेने रस शोषणाऱ्या एका मोठ्या समूहासाठी वापरतात, आणि पानपायी ढेकणांची सोंड वनस्पतींचे कोवळे भाग, फळे व बिया यांवरच चालते. या कुलातील अडीच हजारांहून अधिक जातींचे आजवर वर्णन झाले आहे. इथे ‘जाती’ हा वर्गीकरणाचा सर्वांत मूलभूत घटक होय. जवळच्या जातींची मिळून एक प्रजाती आणि अशा प्रजातींचे मिळून एक कुल होते.

नवी जाती रानात सापडते, असा सर्वसाधारण समज आहे. रानात सापडतो तो नमुना. तो नव्या जातीचा आहे की नाही हे मात्र संग्रहालयात, टाचणीला टोचून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांशी आणि दीड-दोन शतकांत विखुरलेल्या वर्णनांशी तो ताडून पाहिल्यावरच ठरते, आणि म्हणूनच कित्येक ‘नव्या’ जाती वर्णन होण्यापूर्वी अनेक वर्षे संग्रहालयाच्या खणात दुसऱ्याच नावाच्या चिठ्ठीखाली पडून राहिलेल्या असतात.

लेप्टोग्लॉसस ही या कुलातील सर्वपरिचित प्रजाती. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘बारीक जिभेचा’ असा होतो. ठसे कोरण्याच्या व्यवसायातून कीटकशास्त्राकडे आलेले ऑटो हाइडमन यांनी 1910 मध्ये वॉशिंग्टनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात या प्रजातीतील उत्तर अमेरिकेच्या नव्या जातींचे वर्णन केले. त्यांपैकी एकीच्या डोक्याचे टोक पुढे काट्यासारखे निघालेले असते, आणि कीटकाच्या कपाळपट्टीला ‘क्लायपियस’ म्हणत असल्यामुळे तिला ‘क्लायपिअॅलिस’ हे नाव मिळाले. दुसरी अमेरिकेच्या पश्चिम भागातील सूचिपर्णी वृक्षांवरची, म्हणून तिला ‘ऑक्सिडेंटॅलिस’, म्हणजे पश्चिमेची, असे नाव दिले गेले. एक नाव शरीरावरून आले, दुसरे प्रदेशावरून. या फरकाचे महत्त्व पुढे दिसून आले.

ऑक्सिडेंटॅलिसचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर वर्णनकाराची नजर कोणत्या क्रमाने फिरते हे समजते. सोळा ते वीस मिलिमीटर लांबीचे तपकिरी शरीर, चार खंडांच्या शृंगिका आणि डोक्याखाली दुमडून ठेवलेली, तीही चार खंडांची सोंड दिसते. पुढच्या पंखाचा बुडाकडचा भाग चामड्यासारखा जाड, तर टोकाकडचा पातळ पडद्यासारखा असून त्या पडद्यावर जवळजवळ समांतर धावणाऱ्या अनेक शिरा असतात, आणि इथवरच्या लक्षणांवरून फार तर कुल कळते. जातीचा शोध याच्या पुढे सुरू होतो. पंखाच्या जाड भागावर आडवी गेलेली पांढरी नागमोडी रेघ, छातीवरच्या ढालीचे कोपरे आणि तिच्यावरचे ठिपके पाहून झाले की दृष्टी मागच्या नडगीवर स्थिरावते: पान नडगीच्या किती लांबीपर्यंत उतरले आहे, बाहेरची आणि आतली बाजू सारखीच रुंद आहे की नाही, कड सरळ आहे की खाचांची, हे सगळे मोजून आणि रेखाटून ठेवावे लागते. एवढ्यानेही खात्री होत नाही, कारण रंग जुन्या नमुन्यात विटतो आणि आकारमान पोषणानुसार कमीजास्त होते. म्हणून नराच्या उदराच्या शेवटी असलेली जननेंद्रियांची कुपी तपासतात. तिच्या मागच्या कडेची ठेवण एका जातीत सहसा ठरलेली असते आणि जवळच्या जातीत वेगळी असते. पिल्लांवरून मात्र जात ठरवणे फार अवघड, कारण ती पाच अवस्थांतून वाढतात आणि लहान अवस्थांत नडगीवर पान नसतेच.

वर्णन लिहून झाले तरी नावाला मान्यता मिळण्यासाठी प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे नियम पाळावे लागतात. 1999 नंतर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक नव्या जातीसाठी नावाचा कायमचा आधार ठरणारा नमुना लेखकाने स्पष्टपणे नेमावा लागतो. असा नमुना एकच असेल, तर त्याला होलोटाइप म्हणतात आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही सांगावे लागते. एकाच जातीला दोन नावे दिली गेल्याचे आढळल्यास सामान्यतः आधीचे नाव टिकते. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातील हॅरी ब्रायलोव्स्की यांनी 2014 मध्ये लेप्टोग्लॉससच्या पाच नव्या जातींचे वर्णन केले, तेव्हा त्याच लेखात संपूर्ण प्रजातीची सचित्र ओळखतालिका दिली आणि काही जुनी नावे एकाच जातीची असल्याचेही दाखवले. पाच नव्या नावांपेक्षा ही तालिका अधिक मोलाची म्हणावी लागेल, कारण पुढचा अभ्यासक तिच्यावरूनच आपला नमुना नवा नाही हे ओळखू शकतो.

अशा वर्णनाची किंमत कधी कधी फार उशिरा कळते. ऑक्सिडेंटॅलिस विसाव्या शतकात पूर्वेकडे सरकत अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गेला, 1999 मध्ये उत्तर इटलीत आढळला आणि पुढे बहुतेक युरोपात, जपानात आणि चिलीपर्यंत पोचला. इटलीत सापडलेला ढेकूण नेमका कोण, हे सांगता आले ते नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या वर्णनामुळे, आणि जात कळल्याबरोबर तिच्याविषयीचे सगळे संचित ज्ञान, ती कोणत्या वृक्षांच्या बिया शोषते आणि हिवाळ्यात घरांत का शिरते, तेही हाती आले. कॅनडातील संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले की हा ढेकूण झाडावरचे शंकू त्यांच्या उष्णतेवरून शोधतो. शंकू सुयांसारख्या पानांपेक्षा 15 अंश सेल्सिअसपर्यंत अधिक गरम असू शकतात, आणि त्यांतून निघणारे अवरक्त किरण टिपणारी ग्राहके त्याच्या उदराच्या खालच्या बाजूला असतात. तो आता केवळ पश्चिमेचा राहिलेला नाही, तरी नाव बदलता येत नाही, कारण अर्थ लागू पडत नाही एवढ्यावरून नाव रद्द करण्यास संहिता परवानगी देत नाही. क्लायपिअॅलिसच्या डोक्यावरचा काटा मात्र तो कुठेही गेला तरी त्याच्याबरोबरच राहील.

महाराष्ट्रातही या कुलाची ओळख शेतकऱ्यांना आहे. तुरीच्या शेंगांतील कोवळ्या दाण्यांचा रस शोषून ते सुरकुतवणारा शेंगांवरचा ढेकूण, क्लॅव्हिग्राला गिब्बोसा, याच कुलातला. त्याच्या नडगीवर पान नसते, पण मागच्या मांड्या फुगीर आणि काटेरी असतात. भारतात तुरीवर क्लॅव्हिग्राला स्कुटेलारिस ही त्याची जवळची जातीही आढळते, आणि वरवर पाहता दोघांची गल्लत सहज होते.

अशा कीटकांची छायाचित्रे आज पुष्कळ लोक काढतात. त्यांनी छायाचित्रात मागचा पाय पूर्ण येऊ द्यावा, कीटक कोणत्या झाडावर बसला होता, गाव कोणते आणि तारीख कोणती हे सोबत लिहून ठेवावे, आणि शाळा-महाविद्यालयांच्या संग्रहांतील जुन्या नमुन्यांखालच्या चिठ्ठ्या कधीही फेकून देऊ नयेत.